महापालिकेसाठी विद्यार्थी रिपोर्ट लिहितात म्हणजे नेमकं काय करतात?

ज्यांच्या घरात सध्या कुणी बीए, बीकॉम, बीएस्सीला आहे त्यांच्या कानावर फील्ड प्रोजेक्ट, सीईपी (समाजात जाऊन करायचं काम), ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग) हे शब्द नक्की पडले असणार. २०२० चं नवीन शैक्षणिक धोरण आपल्याकडच्या कॉलेजांत लागू व्हायला लागल्यापासून वर्गाबाहेर जाऊन काम करणं आणि त्याचं क्रेडिट मिळवणं हा डिग्रीचाच भाग झालाय. क्रेडिट म्हणजे अभ्यासाला दिलेल्या तासांचं माप, प्रत्यक्ष फील्डवरच्या कामाला एका क्रेडिटचे साधारण ३० तास धरतात, म्हणजे दोन क्रेडिटच्या प्रोजेक्टला ६० तास झाले. मग कुणी वॉर्ड ऑफिसला जातं, कुणी कचऱ्याचा सर्व्हे करतं, कुणी बसस्टॉपवर उभं राहून माणसं मोजतं आणि सेमिस्टरच्या शेवटी एक स्पायरल बाइंडिंग केलेला रिपोर्ट जमा होतो.

घरच्यांचा प्रश्न असतो की यातून पोरांना काय मिळतं, आणि महापालिकेतल्या लोकांचा प्रश्न असतो की यातून आम्हाला काय मिळतं. दोन्ही प्रश्न बरोबर आहेत आणि दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, ते म्हणजे तो रिपोर्ट कसा लिहिला जातो आणि त्याहीपेक्षा जास्त, तो एडिट कसा होतो. याबद्दल आपल्याकडे कुणी नीट बोलत नाही म्हणून हा लेख.

आधी एक बाहेरचं उदाहरण

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑरेगन राज्य आहे, तिथल्या यूजीन शहरात ऑरेगन विद्यापीठ आहे. या विद्यापीठानं २००९-१० मध्ये एक प्रयोग सुरू केला, सस्टेनेबल सिटी इयर प्रोग्रॅम. कल्पना अशी की दरवर्षी एक शहर निवडायचं, त्याला पार्टनर म्हणायचं, आणि वर्षभर वेगवेगळ्या विभागांतल्या वर्गांनी आपला नेहमीचाच अभ्यासक्रम त्या शहराच्या खऱ्या प्रश्नांवर करायचा. पहिल्या वर्षी ग्रेशम शहर होतं, दुसऱ्या वर्षी ऑरेगनची राजधानी सेलम, जी यूजीनपासून साधारण शंभर किलोमीटरवर आहे, तिसऱ्या वर्षी यूजीनला खेटून असलेलं स्प्रिंगफील्ड.

यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की नवीन विषय काढला नाही, वेगळा क्लब काढला नाही. आर्किटेक्चरचा स्टुडिओ आधीपासून होताच, प्लॅनिंगचा पेपर होताच, कायद्याचा होता, बिझनेसचा होता. आधी काल्पनिक साइटवर असाइनमेंट व्हायची ती आता खऱ्या जागेवर व्हायला लागली, आणि जिचा वाचक एकटे सर किंवा मॅडम असायचे तिचा वाचक आता महापालिकेतला एक माणूस झाला ज्याला उद्या काहीतरी ठरवायचंय. पुढे ही पद्धत अमेरिकेतल्या इतर विद्यापीठांनी उचलली आणि आज त्यांचं मिळून एक नेटवर्क आहे.

आपल्याकडे यातलं काहीच नाही असं समजू नका. आयआयटी मुंबईच्या सितारा या ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या विभागातले विद्यार्थी कर्जत, मोखाडा भागातल्या पाणी योजनांवर कित्येक वर्षं गावोगाव फिरून काम करत आलेत, आणि त्याच धर्तीवर राज्य सरकारनं २०१६ मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केलं, ज्यात इंजिनिअरिंग कॉलेजांनी आपापल्या जिल्ह्यातले पाणी, शेती, वाहतूक असे प्रश्न अभ्यासायचे. २०२० मध्ये केंद्राने ट्यूलिप नावाची योजना आणली, त्यातून विद्यार्थ्यांना महापालिका, नगरपालिका आणि स्मार्ट सिटीत इंटर्नशिप मिळते. म्हणजे दारं उघडी आहेत. अडतं ते आत जाऊन आल्यावर काय लिहायचं इथे.

रिपोर्टची सुरुवात लिहिण्यापासून होत नाही

ती होते एका प्रश्नापासून. शहराकडून सहसा येतं ते मोघम वाक्य असतं, "आमच्याकडे पार्किंगचा फार प्रॉब्लेम आहे, बघा काही करता आलं तर." यावर वर्ग कामाला लागला की सेमिस्टर संपतं आणि हातात विकिपीडियासारखं काहीतरी राहतं. म्हणून काम सुरू व्हायच्या आधी शिक्षक आणि अधिकारी बसून त्या वाक्याला कापून कापून लहान करतात. याला स्कोप ठरवणं म्हणतात, म्हणजे काय करायचं, कुठपर्यंत करायचं आणि काय करायचं नाही हे लिहून ठेवणं. ऑरेगनमध्ये एक टर्म साधारण दहा आठवड्यांची असते, दहा आठवड्यांत वीस-पंचवीस पोरं अख्ख्या शहराचं पार्किंग सोडवू शकत नाहीत, पण दोन रस्त्यांवर दिवसाच्या कुठल्या तासाला किती जागा रिकाम्या असतात हे नक्की सांगू शकतात.

या बैठकीत विचारायचा खरा प्रश्न एकच असतो: "या रिपोर्टवरून तुम्हाला काय ठरवायचंय?" अधिकाऱ्याला याचं उत्तर देता आलं तर पुढचं अर्धं काम झालं, नाही देता आलं तर थांबून तेच आधी शोधावं लागतं. कधी कधी खरंच काही ठरवायचं नसतं, फक्त कॉलेजचं पत्र आलंय म्हणून हो म्हटलेलं असतं, आणि ते पहिल्याच आठवड्यात कळलेलं चांगलं.

मग फील्डवर्क. यावर मी फार लिहीत नाही कारण सर्व्हे कसा करायचा हे कॉलेजात शिकवतात. फक्त एवढंच की कुठे उभं राहून मोजलं, किती वाजता, कोणत्या वारी, मोजलेलं कसं नोंदवलं हे त्याच दिवशी लिहून ठेवायला लागतं, कारण दोन महिन्यांनी रिपोर्ट एडिट करणारा नेमकं तेच विचारतो आणि तेव्हा कुणाला आठवत नाही.

वर्गभर लिखाण झालं, पण रिपोर्ट कुठाय?

सेमिस्टर संपताना होतं असं की पाच-सहा गटांनी पाच-सहा रिपोर्ट लिहिलेले असतात. शिक्षकांच्या दृष्टीनं काम पूर्ण झालं, मार्क देता येतात. शहराच्या दृष्टीनं अजून काहीच झालेलं नाही.

आपण मैत्रिणी-मैत्रिणी ठरवतो ना की प्रत्येकीने एकेक पदार्थ आणायचा आणि एकत्र जेवायचं, आणि आधी बोलणं झालेलं नसलं की चौघी भात घेऊन येतात, दोघी गोड आणतात आणि आमटी कुणीच आणत नाही. वर्गातल्या ड्राफ्टचं अगदी तसंच असतं. चार गटांनी शहराचा इतिहास आणि लोकसंख्या लिहिलेली असते, तिघांनी परदेशातली तीच उदाहरणं दिलेली असतात, आणि खर्च किती येईल, हे कोणत्या खात्याने करायचं, यावर कुणीच लिहिलेलं नसतं. कुणाचाच पदार्थ वाईट नाही, पण पान वाढता येत नाही.

ऑरेगनवाल्यांनी यावर काढलेला मार्ग साधा आहे. वर्ग संपल्यावर एखाद्या विद्यार्थ्याला, शक्यतो त्याच वर्गात बसलेल्याला, रिपोर्टचा लेखक म्हणून वेगळं काम देतात. तो सगळ्यांचं काम घेऊन बसतो आणि त्यातून शहरासाठी एक सलग रिपोर्ट तयार करतो. वर्गातल्या सगळ्यांची नावं आत छापली जातात, आणि सुरुवातीला स्पष्ट लिहिलेलं असतं की हे विद्यार्थ्यांचं मूळ काम आणि त्यांच्या शिफारशी आहेत. हा लेखक काय करतो तेच खरं शिकण्यासारखं आहे.

एडिटिंग म्हणजे शुद्धलेखन नव्हे

आपल्याकडे "रिपोर्ट एडिट कर" म्हटलं की पोरं ऱ्हस्व-दीर्घ बघायला लागतात, फॉन्ट बदलतात, पान नंबर टाकतात. ते सगळं करायचंच आहे, पण सगळ्यात शेवटी. जो परिच्छेद उद्या उडणार आहे त्याचं शुद्धलेखन आज तपासण्यात काय अर्थ आहे.

सुरुवातीला बघायचा तो अख्ख्या रिपोर्टचा सांगाडा. वाचणारा अधिकारी पान एकपासून शेवटपर्यंत वाचत नाही, तो मीटिंगला जाता जाता दोन पानं वाचतो आणि मग त्याला हवं ते शोधतो. त्यामुळे काय सापडलं आणि आम्ही काय सुचवतो हे पहिल्या दोन पानांत यायला हवं. याला कार्यकारी सारांश म्हणतात, आणि तो छापला सुरुवातीला जातो पण लिहिला शेवटी जातो. आपल्या ब्लॅकबुकमध्ये, म्हणजे कॉलेजात जमा करायच्या प्रोजेक्टच्या बांधीव वहीत, बरोबर उलटं असतं, आधी प्रमाणपत्र, आभार, प्रस्तावना, मग संशोधनाची उद्दिष्टं, मग पंधरा पानं साहित्याचा आढावा, आणि महत्त्वाची गोष्ट पान ६१ वर. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) आलेल्या बाहेरच्या परीक्षकासाठी तो साचा ठीक असेल, पण पालिकेच्या माणसासाठी तो चालत नाही आणि याचा दोष पोरांचा नाहीच, त्यांना कुणी दुसरा साचा दाखवलाच नाही.

मग वाक्यं. इथे जरा जवळून बघू. समजा एका शहराने कॉलेजला शाळेजवळचे पदपथ तपासायला सांगितलेत. पहिल्या ड्राफ्टमध्ये हे वाक्य येतं:

"सदर परिसरातील पादचारी सुविधांची अवस्था अत्यंत दयनीय असून प्रशासनाने याकडे गांभीर्याने लक्ष देण्याची नितांत गरज आहे."

एडिट करणारा समासात लिहितो: कुठला परिसर? दयनीय म्हणजे किती? मोजलंय का? लक्ष द्यायचं म्हणजे कुणी काय करायचं? गट आपल्या नोंदी उघडतो, मोजमापं तिथे असतातच, फक्त वाक्यात आलेली नसतात. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत तेच वाक्य असं होतं (आकडे उदाहरणापुरते आहेत):

"शाळेचं मुख्य गेट ते बसस्टॉप या पट्ट्यात पदपथाची मोकळी रुंदी आम्ही दर १० मीटरवर, एकूण ३५ ठिकाणी मोजली. १४ ठिकाणी ती १.८ मीटरपेक्षा कमी भरली. त्यातल्या ९ ठिकाणी विजेचा किंवा केबलचा बॉक्स आडवा आहे, ५ ठिकाणी दुचाकी लावलेल्या होत्या."

१.८ मीटर हा आकडा हवेतून आलेला नाही, इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पदपथाची किमान मोकळी रुंदी तेवढीच दिलेली आहे, म्हणजे इंजिनिअर वाचतो तेव्हा त्याला तो ओळखीचा असतो आणि त्यावर वाद घालायला जागा राहत नाही. आणि बघा, नुसतं अडथळ्यांचं वर्गीकरण केल्यावर काम कुणाचं हे आपोआप वेगळं झालं. बॉक्स हलवायचे तर वीज कंपनीशी आणि केबलवाल्यांशी बोलायचं, दुचाक्यांसाठी वाहतूक पोलिसांना सांगायचं. पहिल्या वाक्यात हे सगळं "प्रशासन" या एका शब्दात बुडून गेलं होतं, आणि प्रशासन नावाचा कुठलाही माणूस कुठल्याही टेबलावर बसत नाही.

तिसरी गोष्ट आकड्यांची. मजकुरात १४ आणि पुढच्या पानावरच्या तक्त्यात १६ असं फार वेळा होतं, कारण एका गटाने रस्त्याची एकच बाजू धरलेली असते आणि दुसऱ्याने दोन्ही. अधिकाऱ्याला असा एक घोळ दिसला की त्याचा उरलेल्या ऐंशी पानांवरचाही विश्वास उडतो. म्हणून प्रत्येक आकडा मूळ एक्सेल शीटशी टॅली करायचा, ज्याने लिहिलाय त्याने नाही, दुसऱ्या कुणीतरी. हे कंटाळवाणं काम आहे पण याला पर्याय नाही.

आणि मर्यादा. "आम्ही मंगळवारी आणि बुधवारी दुपारी मोजलं, शाळा सुटायच्या वेळी मोजलं नाही" असं लिहिलं की रिपोर्ट कमकुवत दिसेल अशी पोरांना भीती वाटते. उलट असतं. वाचणाऱ्याला कळतं की कशावर किती विसंबायचं, आणि हे न सांगता दिलेला आकडा नंतर उघडा पडला तर कॉलेजचं नाव जातं.

ड्राफ्ट पालिकेने वाचला आणि आवडला नाही तर?

हा पहिला आक्षेप आणि खरा अवघड. ड्राफ्ट पार्टनरला दाखवायलाच हवा, कारण चुका त्यांनाच दिसतात, एखादा रस्ता पालिकेचा नसून पीडब्ल्यूडीचा असतो, एखादं टेंडर मागच्याच महिन्यात निघालेलं असतं. पण दाखवताना एक रेघ आधीच आखून ठेवायची: तथ्य चुकलं असेल तर दुरुस्त करू, निष्कर्ष पटला नाही तर तुमचं म्हणणं सोबत छापू, पण निष्कर्ष बदलणार नाही. ही रेघ पहिल्या बैठकीत, स्कोप लिहितानाच कागदावर आली पाहिजे, ड्राफ्ट झाल्यावर नाही, कारण तेव्हा एका बाजूला वीस वर्षांची पोरं आणि दुसऱ्या बाजूला उपायुक्त असतात आणि पोरं बिचारी गप्प बसतात. तिथे बोलायचं काम शिक्षकांचं आहे, असं मला अगदी ठाम वाटतं.

भाषेचं भान मात्र पोरांनी ठेवायला हवं. "कर्मचारी कामचुकार आहेत" हा निष्कर्ष नाही, तो राग आहे. "तक्रार नोंदवल्यापासून ती बंद होईपर्यंत इतके दिवस लागले" हा निष्कर्ष आहे.

वीस वर्षांच्या पोरांना काय कळतंय?

इंजिनिअरिंगची डिझाइन त्यांनी करायची नाहीच आहे. पुलाचा आराखडा, अंदाजपत्रक, डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) हे कन्सल्टंटचं काम आणि तिथे सही करणाऱ्याची जबाबदारी असते. विद्यार्थ्यांचा रिपोर्ट त्याच्या बराच आधी येतो, जेव्हा नेमकं काय करायचं हेच ठरलेलं नसतं. त्या टप्प्यावर रस्त्यावर आठवडे घालवून मोजलेली माहिती आणि चार वेगवेगळे पर्याय समोर असले तर पुढे कन्सल्टंट नेमताना त्याला काय सांगायचं हे शहराला नीट कळतं. ऑरेगनमधली मंडळी आणखी एक मुद्दा मांडतात आणि तो मला पटतो, की एखादी कल्पना अधिकाऱ्याच्या मनात असते पण ती त्याने स्वतः मांडली तर राजकारण होतं, तीच विद्यार्थ्यांकडून आली की निदान चर्चा तरी सुरू होते.

मग ही फुकटची मजुरी झाली की

होऊ शकते, आणि काही ठिकाणी होतेच. ऑरेगनमध्ये शहर विद्यापीठाला कार्यक्रमाचे पैसे देतं, आणि शेवटचा रिपोर्ट लिहिणं हे वर्गाबाहेरचं वेगळं काम धरलेलं असतं. आपल्याकडे सहसा शहर काहीच देत नाही. माझ्या मते ओळखायची खूण सोपी आहे. काम पोरांच्या अभ्यासाचा भाग असेल, त्यांना त्यावर शिकवणारा कुणी असेल आणि रिपोर्टवर त्यांचं नाव असेल तर ते शिक्षण. नुसतं डेटा एंट्री, फॉर्म वाटणं, कार्यक्रमात खुर्च्या लावणं आणि शेवटी सर्टिफिकेट, तर ती मजुरीच, तिला फील्ड प्रोजेक्ट म्हणू नये. निदान बसभाडं आणि प्रिंटिंगचा खर्च तरी कॉलेजने किंवा पालिकेने द्यावा, खेड्यातून येणाऱ्या मुलीला रोजचे साठ-सत्तर रुपये जड जातात हे कुणी लक्षात घेत नाही.

एआयकडून लिहून घेतला तर कुणाला कळणार?

वर्गात कदाचित कळणार नाही. वॉर्ड ऑफिसात लगेच कळतं, कारण तिथला ज्युनिअर इंजिनिअर त्या रस्त्यावर रोज जातो. गेटसमोर विजेचा डीपी आहे की नाही हे चॅटजीपीटीला माहीत नसतं, ते फक्त तिथे उभं राहिलेल्याला माहीत असतं. स्वतःच्या नोंदींवरून लिहिलेला परिच्छेद सुटसुटीत करून घ्यायला, इंग्रजीतलं मराठीत आणायला ही टूल्स वापरली तर माझी हरकत नाही, फक्त वापरली असं रिपोर्टमध्ये लिहावं आणि त्यानंतर प्रत्येक आकडा पुन्हा टॅली करावा, कारण वाक्य गुळगुळीत करताना आकडे आणि अटी हळूच गळतात. "दुपारी मोजलं" हे दोन शब्द गळले की निष्कर्षच बदलतो.

आणखी एक काळजी. सर्व्हेत ज्यांच्याशी बोललो त्यांची नावं आणि फोन नंबर रिपोर्टमध्ये जाता कामा नयेत, आणि ती यादी कुठल्याही टूलमध्ये पेस्ट करायची नाही. एखाद्या फेरीवाल्याने विश्वासाने सांगितलेलं असतं की हप्ता कोण घेतं, ते त्याच्या नावासकट पालिकेच्या टेबलावर पोचलं तर त्याचं काय होईल याचा विचार एडिट करणाऱ्यानेच करायचा असतो.

शेवटी रिपोर्ट धूळच खाणार ना?

बरेचसे खातात. पण धूळ खाणं आणि हरवणं यात फरक आहे. ऑरेगन विद्यापीठ हे रिपोर्ट आपल्या ऑनलाइन संग्रहात खुले ठेवतं, त्यामुळे पाच वर्षांनी नवीन अधिकारी आला तरी त्याला ते सापडतात. आपल्याकडे रिपोर्ट विभागप्रमुखांच्या कपाटात जातो आणि साहेबांची बदली झाली की पालिकेतली कॉपीही गायब होते.

म्हणून रिपोर्ट साहेबांच्या हातात देऊन फोटो काढला तरी नंतर आवक-जावकला जाऊन तो इनवर्ड करून घ्यायचा, आपल्या कॉपीवर शिक्का आणि आवक नंबर घ्यायचा. एकदा नंबर पडला की तो पालिकेचा रेकॉर्ड झाला, आणि माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली कुठलाही नागरिक तो मागू शकतो, त्यावर पुढे काय झालं हेही विचारू शकतो. सोबत मोजमापांची मूळ एक्सेल शीट, मोजलेल्या ठिकाणांचा नकाशा आणि प्रश्नावली कॉलेजच्या लायब्ररीत ठेवायची, पेनड्राइव्हवर नाही तर कॉलेजच्या ड्राइव्हवर, म्हणजे पुढच्या वर्षीच्या बॅचला त्याच ३५ ठिकाणी जाऊन पुन्हा मोजता येईल आणि त्यांच्या रिपोर्टच्या पहिल्याच पानावर मागच्या वर्षीचा आकडा आणि या वर्षीचा आकडा शेजारी शेजारी देता येतील.